दाढीवाले आणि उरलंसुरलं

१२ जानेवारी

ताई आज येऊन गेल्या. नवरा गेला तरी नणंद राहतेच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेला म्हणजे मेला नाही. ऑक्टोबरात बॅग भरून दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. नुसतं ‘गेला’ म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढचं सांगितलं की विषय बदलतात, म्हणून हल्ली मी ‘गेला’वरच थांबते.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्याकडे मागची खोली रिकामी आहे, नानांना तिकडे न्यायचं. नाना म्हणजे त्यांचे वडील, माझे सासरे. मुलगा सोडून गेल्यावर सासरा सुनेच्या घरी राहतो, हे ताईंना बघवत नाही. स्वयंपाकघरात येऊन त्या अगदी मायेने म्हणाल्या, “लोक विचारतात गं, तिथं ते आता कोणत्या नात्यानं राहतात? मी काय सांगू?” मी कप विसळत होते, ते विसळत राहिले.

मग बाहेर जाऊन त्यांनी नानांना सांगितलं की महिनाअखेरीला गाडी घेऊन येते. नाना उठले, कपाटाशी गेले, चाचपडत सगळ्यात जाड पुस्तक काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, ही कादंबरी एकदा शेवटची ऐकायची आहे, ती संपली की येतो. आणि माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या दिशेने, वळून विचारलं, वाचून दाखवशील ना?

त्यांची नजर मधोमध गेली आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दार दिसतं, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. छापील अक्षर तर कधीच गेलं.

घर सुटायची वेळ आली की लोकांना माणसं आठवतात. यांना पुस्तक आठवलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं.

१५ जानेवारी

वाचन सुरू झालं आहे. मी कामावरून आले, चहा झाला की बसायचं, स्वयंपाकाच्या वेळेला थांबायचं.

नानांनी आयुष्यभर कॉलेजात कादंबरी शिकवली. मोठमोठ्या लेखकांना त्यांनी घरगुती नावं ठेवली आहेत. या जाड पुस्तकाचे लेखक ‘दाढीवाले’. जिच्या गोष्टींत सगळ्या बायका खिडकीशी बसून झुरतात ती ‘खिन्नबाई’. प्रत्येक पात्राला शेवटी बक्षीस नाहीतर शिक्षा देऊनच उठतात ते ‘न्यायाधीश’. लग्न होऊन आले तेव्हा जेवताना यांच्या इतक्या गप्पा चालत, की मला वाटलं ही सासरचीच माणसं आहेत, मग लग्नाला का नव्हती आली?

दाढीवाल्यांची कादंबरी एका जमीनदाराच्या कुटुंबाची आहे. घोडागाड्या, मेणबत्त्या, आत्या, माम्या. सगळे जेवायला बसताहेत ते अजून बसताहेतच. दवाखान्यात नंबर पुकारते त्याच आवाजात मी वाचते. नाना मध्येच म्हणतात, स्वल्पविरामाला जरा श्वास घे. मी घेते.

२० जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर ‘उरलंसुरलं’ वाचते. एका वेबसाइटवर या नावाने कुणीतरी गोष्टी लिहितं. बाई की बाप्या, कळत नाही. सध्या एक मोठी गोष्ट चालू आहे, थोड्या थोड्या दिवसांनी एकेक भाग येतो. दोन बहिणींची लाँड्री आहे आणि दोघींचा वर्षानुवर्षांचा अबोला. जे बोलायचं ते गिऱ्हाइकाच्या तोंडून. “हिला सांगा, कॉलर जळेल.” “तिला सांगा, जळू दे, कॉलर माझ्या नवऱ्याची नाही.” गिऱ्हाईक बिचारं मध्ये उभं. बाकी काही घडत नाही. तरी मी पुढच्या भागाची वाट बघते, आणि ऑक्टोबरापासून मी दुसऱ्या कशाचीच वाट बघितलेली नाही.

आज जेवताना नानांना हे सांगितलं. सांगायला नको होतं. म्हणाले, फोनवरचं साहित्य म्हणजे बसथांब्यावरच्या गप्पा, बस आली की संपल्या. मी म्हटलं, तुम्ही वाचलंय कुठे? ते म्हणाले, विहिरीत पाणी आहे की नाही ते बघायला उडी मारावी लागत नाही. मग कादंबरीकार मोठा कशाने होतो यावर एक तासिका झाली. एका वाक्यापुरतं आलेलं माणूससुद्धा, दार लोटून बाहेर गेल्यावर तिकडे जगतच असेल असं वाटायला लावतो, तो मोठा. दाढीवाले तसे. खिन्नबाई निम्म्या वेळा. न्यायाधीश कधीच नाही, त्यांची माणसं निकालापुरतीच उभी असतात.

उरलंसुरलंच्या लाँड्रीत एक माणूस एकदाच येतो, एकच मोजा धुवायला टाकून जातो. मी त्याचा चार दिवस विचार करत होते. पण हे बोलले नाही. उगाच पालथ्या घड्यावर पाणी.

२४ जानेवारी

आज एक चाळा केला.

दाढीवाले जमिनीच्या साऱ्यावर आले होते. पानंच्या पानं सारा. दिवसभरात दवाखान्यात माणसांची रीघ होती, माझा घसा बसला होता. पुस्तकात मी फोन ठेवला आणि उरलंसुरलंचा पहिला भाग वाचायला घेतला. ‘जमीनदाराच्या घरामागे कपडे धुणाऱ्या दोन बहिणी राहत असत’ एवढं एक वाक्य पदरचं घातलं, ‘लाँड्री’ आली तिथे ‘धुण्याची खोली’ म्हटलं, आणि बाकी जसंच्या तसं. भागाच्या शेवटी धाकटी भांडता भांडता इस्त्रीचा प्लग काढते आणि तो हातात धरून तशीच उभी राहते. तिथे थांबले.

नाना म्हणाले, “प्लग हातात धरून.” मान हलवली. “हा भाग मी पार विसरलो होतो. दाढीवाले ते दाढीवालेच.”

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही, पण येण्याच्या वाटेवर होतं. बिचाऱ्यांची नजर गेली तशी आठवणही चालली आहे. ज्यांनी हे पुस्तक जन्मभर शिकवलं त्यांना हे कळू नये, याचं वाईट वाटायला हवं होतं.

२६ जानेवारी

मी विचार केला. यात फसवणूक नाही, ही तपासणी आहे.

माझं काम कान तपासण्याचं. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला की दाबा. आवाज कुठल्या कानात येणार ते मी कधी सांगत नाही. सांगितलं तर माणूस आवाजाच्या आधीच दाबतो. नानांचं तेच आहे. ‘दाढीवाले’ म्हटलं की बटण दाबतात, ‘फोन’ म्हटलं की कानांवर हात. आता नाव न सांगता ऐकवते. कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

३० जानेवारी

तपासणी चालू. आजच्या भागात थोरली आजारी पडते. धाकटी तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरते आणि गिऱ्हाइकाच्या हाती देते, “हिला द्या.” गिऱ्हाईक म्हणतं, मी फक्त शर्ट न्यायला आलोय. तरी देतं.

नाना म्हणाले, गंमत आहे. खिन्नबाईंनी इथे धाकटीला रडवलं असतं. न्यायाधीशांनी दोघींत चूक कुणाची ते आधी ठरवून टाकलं असतं. स्वतः दाढीवाल्यांनीसुद्धा दुसरीकडे कुठे असतं तर पानभर समजावून सांगितलं असतं की बघा, माणसाचं मन कसं असतं. “इथे मात्र नुसती पिशवी दिलीन. आणि ती पण परक्याच्या हातून.” मग विचारलं, पुढे काय होतं गं? मी म्हटलं, उद्या.

उरलंसुरलंच्या गोष्टीखाली मी पहिल्यांदाच कॉमेंट लिहिली. तुम्ही दाढीवाल्यांपेक्षा कमी नाही.

३१ जानेवारी

ताईंचा फोन. कादंबरी किती राहिली? नानांनी फोन घेतला आणि सांगितलं, बरीच आहे, दाढीवाल्यांना कधी घाई नव्हती. ताई मला म्हणाल्या, तू रोज थोडं जास्त वाचत जा ना. हो म्हटलं. उरलंसुरलं जेवढं लिहितं त्याहून जास्त मी कुठून वाचणार?

४ फेब्रुवारी

आज एक गृहस्थ आला. गाडी चालवायच्या नोकरीसाठी कान तपासून हवा होता. ऐकू कमी येतं हे लपवायला तो ठरावीक वेळाने बटण दाबत बसला. मी आवाज पाठवणं बंद करून बघितलं, तरी पठ्ठ्या दाबतोय. ऐकू येत असल्याचं सोंग आणि नसल्याचं सोंग, दोन्ही मला एका नजरेत कळतात. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणतात, तुला फसवणारा अजून जन्मायचाय.

संध्याकाळी वाचताना नाना म्हणाले, “मधूनमधून पानं उलटत जा गं. ऐकायला बरं वाटतं.” म्हाताऱ्या माणसांना असल्या बारीकसारीक गोष्टींचा लळा असतो. आता अंदाजाने एकेक पान उलटते. साऱ्याचं प्रकरण संपलं, आता शिकार चालू आहे असं दिसतं.

५ फेब्रुवारी

उरलंसुरलंचं उत्तर आलं. “दाढीवाले कोण मला माहीत नाही हो. मी गोदामात खोकी लावते आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिते. मोठे असतील तर त्यांना राग येईल, असं कुठे बोलू नका.” म्हणजे बाई आहे. तीही जेवणाच्या सुट्टीत, मीही जेवणाच्या सुट्टीत. ती लिहिते आणि मी घास चावते.

९ फेब्रुवारी

रविवार. तो आला होता. हिवाळी कोट राहिला होता म्हणे.

आम्ही वाचायला बसलो होतो. तो खुर्ची ओढून बसला, नानांना म्हणाला, कसे आहात? नाना माझ्याकडे वळले. “पाहुण्यांना सांग, वाचन चालू आहे.” मी काय सांगणार, तो समोरच बसला होता. तो पुन्हा म्हणाला, ताई म्हणते ते बरोबर आहे, तुमचं सगळं तिकडे नीट होईल. नाना म्हणाले, “ह्यांना विचार, चहा घेणार का कोट घेऊन जाणार.” शेवटपर्यंत सरळ एक शब्द बोलले नाहीत. मला अवघडल्यासारखं झालं. पोटचा मुलगा, इतक्या महिन्यांनी आला होता. या माणसाला पुस्तकापुढे काही दिसत नाही.

दाराशी जाताना तो मला म्हणाला, “नाना गेले की तुलाही मोकळं होता येईल.” ‘मोकळं’ हा शब्द मी ऐकला. कुठल्या कानाने ते सांगता येणार नाही. कोट कपाटात मागच्या बाजूला होता, काढून दिला.

नाना म्हणाले, हं, पुढे वाच.

१३ फेब्रुवारी

नानांना आज दाढीवाल्यांच्या चुका दिसायला लागल्या. थोरलीचा नवरा तीन भागांपूर्वी दमेकरी होता, आज चक्क जिने चढून आला. “एवढे मोठे, पण हिशेब ठेवत नाहीत,” म्हणाले. मी बाजू घेतली. म्हटलं, एखाद्या दिवशी बरं वाटलं असेल त्याला. नाना म्हणाले, हे मात्र पटलं, दमा असलेली माणसंसुद्धा कधी कधी जिने चढतात, न्यायाधीशांना हे जन्मात सुचलं नसतं. आम्ही बराच वेळ वाद घालत बसलो आणि भाजी करपली. करपलेलीच खाल्ली.

झोपायला जाताना लक्षात आलं की आज भूक लागली होती.

१८ फेब्रुवारी

उरलंसुरलंने खाली एक ओळ टाकली आहे. पुढचा भाग शेवटचा.

वाचलं आणि डबा अर्धाच बंद केला. मी कारण शोधलं. गोष्ट संपली की मला परत दाढीवाल्यांकडे जावं लागेल, आणि तिकडे शिकार चालू आहे, दोन बहिणी कुठे गेल्या असं नाना विचारतील. म्हणजे चोरी उघडी पडेल. दुसरं काही नाही. नाना ताईंकडे गेले तर त्यांची सोयच होईल. तिथे माणसं आहेत, नातवंडं आहेत. इथे दिवसभर ते आणि घड्याळ.

२२ फेब्रुवारी

शेवटचा भाग आला. धाकटी कंटाळून निघून जाते. काउंटरवर किल्ली ठेवते आणि जाते. नंतर एक गिऱ्हाईक येतं, थोरली शर्ट घेते, सवयीने म्हणते, “तिला सांगा...” आणि थांबते, कारण सांगायला कुणी नाही. तिथेच गोष्ट संपली.

चांगला शेवट आहे. इतका चांगला की मला राग आला. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून मी तिला लिहिलं, आणखी लिहा, इतक्यात संपवू नका, माझे सासरे रोज ऐकतात. तिचं उत्तर लगेच आलं. “मला त्या दोघींचं जेवढं माहीत होतं तेवढं लिहिलं. पुढचं मला माहीत नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.”

दाढीवाले मेले तरी त्यांची पुस्तकं संपता संपत नाहीत. आणि ही धडधाकट बाई म्हणते मला माहीत नाही.

आज घसा दुखतो म्हणून वाचलं नाही. नानांनी काही विचारलं नाही. मिठाच्या गरम पाण्याचा पेला मात्र स्वतः चाचपडत आणून ठेवला. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं.

२४ फेब्रुवारी

शेवटचा भाग त्यांना वाचून दाखवायचा नाही असं ठरवलं. त्या जागी काहीतरी वाचायला तर हवं, म्हणून आज दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात फोनवर मीच लिहिलं. धाकटी जात नाही. किल्ली उचलते, दारापर्यंत जाते, तेवढ्यात एकच मोजावाला येतो, दुसरा मोजा घेऊन. तीच माझी सगळी अक्कल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, अंगण दुसरीचं होतं आणि चांगलं होतं.

संध्याकाळी वाचलं. नाना म्हणाले, “आज दाढीवाल्यांचा हात जरा कापतोय.”

माझे कान गरम झाले. मी पुस्तक मिटलं. तेव्हा ते म्हणाले, “पण मोज्यापर्यंत आलेत. उद्या वाच पुढचं.”

२८ फेब्रुवारी

रोज थोडं लिहिते. अर्धं खोडते. काचेच्या खोलीत माणूस बटण घेऊन बसलेला असतो आणि माझ्या डोक्यात थोरली काय म्हणेल ते चालू असतं. आज एका आजोबांना तोच आवाज चारदा ऐकवला. त्यांनी इमानदारीत चारही वेळा दाबलं.

नाना म्हणाले, “थोरलीला इतकी समजूतदार करू नकोस.” मग खाकरले. “म्हणजे दाढीवाल्यांनी करायला नको होती, असं म्हणतो.” हल्ली बोलताना त्यांचे शब्द चुकतात. डॉक्टरांना विचारायला हवं.

पण म्हणणं बरोबर होतं. थोरलीचं अर्धं बोलणं काढून टाकलं, बाईत लगेच जीव आला.

३ मार्च

ताई रविवारी येणार. गाडी ठरवली आहे. म्हणाल्या, कादंबरी संपो न संपो, उरलेली मी वाचून दाखवीन, मलाही वाचता येतं.

नानांना सांगितलं. म्हणाले, बरं.

बरं. एवढंच. मीही बरं म्हटलं. त्यांचे शर्ट धुवायला काढले.

६ मार्च

आज वाचताना मध्येच विचारलं, दाढीवाले मोठे की उरलंसुरलं? म्हणजे, म्हटलं, समजा, ती फोनवरची बाई कधी ऐकलीत तर.

नाना म्हणाले, “दाढीवाले मोठे. त्यात वाद नाही.” मला वाईट वाटलं. नीट, साधं वाईट वाटलं, कापल्यावर दुखतं तसं. मग ते म्हणाले की दाढीवाल्यांचं पुढचं सगळं त्यांना पाठ आहे. ह्या वयात जो उद्याची वाट बघायला लावेल त्याच्याबद्दल मोठा की लहान हे विचारायचं नसतं, दार उघडं ठेवायचं असतं.

कुणाबद्दल बोलत होते, ते मला नीट कळलं नाही.

९ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

ताई सकाळीच आल्या. नानांची बॅग मी भरून ठेवली होती. पुस्तक वर ठेवलं होतं. ताईंनी ते उघडलं, खूण होती तिथे बघितलं आणि विचारलं, कुठपर्यंत आलात? मी म्हटलं, त्या दोन बहिणींपर्यंत, थोरलीनं धाकटीला इस्त्री दिली तिथपर्यंत.

ताई म्हणाल्या, “कुठल्या बहिणी?”

मी म्हटलं, कपडे धुणाऱ्या.

ताई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, यात कपडे धुणाऱ्या बहिणी नाहीत. कॉलेजात असताना नानांनी हे पुस्तक माझ्याकडून इतकं घोकून घेतलंय की मला झोपेत विचारा. आणि नानांना तर पानासकट पाठ आहे, वर्गात पुस्तक न उघडता शिकवायचे. बहिणी नाहीत. इस्त्री तर नाहीच नाही.

मी नानांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे मी त्यांना दिसत होते.

“माझ्या प्रतीत आहेत,” नाना म्हणाले.

मी मनात एकेक दिवस मागे जायला लागले. प्लग. पानं उलटत जा. पाहुण्यांना सांग. थोरलीला इतकी समजूतदार करू नकोस. दिवसभर लोकांची सोंगं ओळखणारी मी, आणि माझ्यासमोर बसून एक म्हातारा रोज बटण दाबत होता आणि मला पत्ता नव्हता. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक का काढलं तेसुद्धा मला आज कळलं.

ताईंना राग आला असावा, पण त्या हळूच बोलल्या. “नाना, मग ही तुमची कादंबरी संपणार तरी कधी?”

“मला काय विचारतेस,” नाना म्हणाले. “तिला विचार. लिहितेय ती.”

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. नाना भिंतीकडेच बघत होते. मला ठरलेलं उत्तर माहीत होतं, की तुमच्याकडे त्यांची सोय होईल, माणसं आहेत, नातवंडं आहेत. तोंड उघडलं आणि निघालं ते निराळंच. मी म्हटलं, “ताई, नानांना नेऊ नका. ते इथे कोणत्या नात्यानं राहतात ते मला सांगता येत नाही. पण मला ते हवेत.”

‘हवेत’ म्हणताना माझा आवाज फाटला. कितीतरी महिन्यांत मला काही हवं झालं नव्हतं. खायला नको, नवरा नको, नवरा गेला तर परत यायलाही नको. आणि हे इतकं हवं होतं की छातीत दुखलं.

ताई उठल्या आणि बॅगेतून नानांचे शर्ट काढून परत कपाटात ठेवायला लागल्या. घड्या पुन्हा नीट घातल्या, माझ्या घड्या त्यांना कधीच पसंत नव्हत्या. गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग पदराने तोंड पुसून नानांशेजारी येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “बरं, वाच तर खरी. एवढं आहे काय त्यात ते मला तरी कळू दे.”

मी कालच लिहिलेलं होतं, फोन हातातच होता. वाचायला घेतलं तर अक्षरं दिसेनात. पुसली, म्हणजे डोळे पुसले, तरी दिसेनात. पहिला शब्दसुद्धा लागेना. ताई काहीतरी बोलणार होत्या, नानांनी हाताने त्यांना थांबवलं.

“वाच सावकाश,” ते म्हणाले. “आम्हाला कुठे जायचं नाही.”